पाचवे विशेषीकरण

पदोन्नतीसाठी प्राध्यापकाच्या अध्यापनाचे मोजमाप कसे करायचे, याचे उत्तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीत एका तक्त्यात दिलेले आहे. नेमून दिलेल्या तासांपैकी 80 टक्के किंवा त्याहून जास्त तास घेतले तर शेरा ‘चांगले’, 70 ते 80 टक्के घेतले तर ‘समाधानकारक’, त्याहून कमी घेतले तर ‘असमाधानकारक’. बस्स, एवढेच. त्या तासांना जे शिकवले ते मुलांना कितपत कळले, याला त्या तक्त्यात रकानाच नाही. पुढचा तक्ता संशोधनाचा. त्यात मात्र हिशेब सोनाराच्या काट्यावर केल्यासारखा बारीक आहे: विज्ञान शाखेतल्या शोधनिबंधाला 8 गुण, नियतकालिकाचा प्रभावांक असेल तर त्यात भर, लेखक एकाहून अधिक असतील तर गुणांची टक्केवारीने वाटणी. याच तक्त्याच्या एका कोपऱ्यात अभिनव अध्यापनपद्धती विकसित करण्याला 5 गुण आहेत आणि नवा अभ्यासक्रम रचण्याला 2. म्हणजे हजारो विद्यार्थी पुढची पाच वर्षे जो अभ्यासक्रम शिकणार, तो रचण्याचे मोल एका शोधनिबंधाच्या पाव हिश्शाइतके. प्राध्यापक मंडळी शिकवण्याकडे दुर्लक्ष करतात, अशी ओरड आपल्याकडे बारमाही चालू असते. पण या दोन तक्त्यांसमोर बसलेला तरुण प्राध्यापक आपला वेळ कुठे घालवेल, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

यावर ‘अध्यापनालाही गुण द्या’ हा उपाय सगळ्यांना सुचतो, आणि तो निरर्थक आहे असेही नाही. पण गुण द्यायचे तर अध्यापन चांगले झाले की नाही हे ठरवता आले पाहिजे. ते ठरवायला त्या विषयात विद्यार्थी नेमका कुठे अडतो, का अडतो, काय केल्याने सुटतो, याचे पद्धतशीर ज्ञान लागते. रसायनशास्त्रात असे ज्ञान गेल्या चार-पाच दशकांत जमा झाले आहे. त्याला रसायनशास्त्र शिक्षण संशोधन म्हणतात, आणि जगातल्या अनेक विद्यापीठांत ते रसायनशास्त्राच्या विभागातच बसून केले जाते. आपल्या विद्यापीठांच्या रसायनशास्त्र विभागांत सेंद्रिय, असेंद्रिय, भौतिक आणि वैश्लेषिक ही ठरलेली चार घराणी. क्वचित जोडीला औषधी किंवा औद्योगिक रसायनशास्त्र. माझे म्हणणे असे की विषयाचे शिक्षण हे या विभागांतले पाचवे विशेषीकरण झाले पाहिजे. त्यासाठी त्याच विभागात, त्याच वेतनश्रेणीत, पीएच.डी.च्या मार्गदर्शनाच्या त्याच अधिकारासह पदे निघाली पाहिजेत. शिक्षणशास्त्र विभागाकडे किंवा उजळणी वर्गांकडे हे काम सोपवून भागणार नाही. का भागणार नाही, हे या संशोधनाचे निष्कर्ष जवळून पाहिले की कळते.

1987 साली ‘जर्नल ऑफ केमिकल एज्युकेशन’मध्ये नरेनबर्न आणि पिकरिंग यांचा एक छोटा निबंध आला. त्यांनी विद्यार्थ्यांना एकाच विषयावर दोन प्रकारचे प्रश्न दिले. पहिल्या प्रकारात वायूंच्या नियमांवरचे आणि रासायनिक समीकरणांवरचे नेहमीचे गणित, सूत्रात आकडे घालून सोडवायचे. दुसऱ्यात त्याच कल्पनेवरची चित्रे: बंद भांड्यात ठिपक्यांनी दाखवलेले रेणू, आणि तापमान उतरल्यावर किंवा अभिक्रिया झाल्यावर ते कसे दिसतील हे निवडायचे. गणित सोडवणारे पुष्कळ निघाले, चित्र ओळखणारे त्या मानाने फारच थोडे. 1990 मध्ये बार्बरा सॉरी यांनी हाच प्रयोग मोठ्या वर्गावर पुन्हा केला, तेव्हाही ही दरी कायम राहिली; वर्गातले वरचे विद्यार्थीही तिच्यातून सुटले नाहीत. जो गणित बरोबर सोडवतो त्याला रसायनशास्त्र कळले, हे आपल्या सगळ्या परीक्षापद्धतीचे मूळ गृहीतक. त्यालाच या प्रयोगांनी सुरुंग लावला. आपल्या प्रश्नपत्रिका, सीईटी, नेट-सेट या सगळ्या अजूनही त्या गृहीतकावर निर्धास्त उभ्या आहेत.

पर्ड्यू विद्यापीठातले जॉर्ज बॉडनर आणखी पुढे गेले. रसायनशास्त्रात पदव्युत्तर संशोधनासाठी नुकत्याच आलेल्या विद्यार्थ्यांना त्यांनी विचारले की पाणी उकळताना जे बुडबुडे वर येतात त्यांत काय असते? बहुतेकांनी पाण्याची वाफ हे बरोबर उत्तर दिले. पण हवा किंवा ऑक्सिजन म्हणणारेही निघाले, आणि हायड्रोजन व ऑक्सिजनचे मिश्रण म्हणणारेही. हे चार वर्षे रसायनशास्त्र शिकून, पदवी घेऊन, निवड होऊन आलेले विद्यार्थी होते, हे ध्यानात घ्यावे. पाणी शंभर अंशांवर उकळते हे त्यांना ठाऊक होते, हायड्रोजन-ऑक्सिजनचा बंध किती बळकट असतो याचे आकडेही त्यांनी पाठ केले असतील. दोन्ही माहित्या डोक्यात शेजारी-शेजारी नांदत होत्या, त्यांची गाठ कधी पडली नव्हती.

दुसरे उदाहरण आपल्या वर्गांत रोज भेटते. ‘रासायनिक बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते’, हे वाक्य कुठल्याही बी.एस्सी.च्या वर्गात म्हणून पाहावे, माना डोलतात. वस्तुस्थिती उलटी आहे: बंध तोडायला ऊर्जा द्यावी लागते, आणि ती बाहेर पडते बंध जुळताना. हा गैरसमज इतका चिवट का? कारण जीवशास्त्राच्या तासाला मुलगा ऐकतो की एटीपीचा फॉस्फेट बंध तुटतो आणि पेशीला ऊर्जा मिळते. जीवशास्त्राचे शिक्षक जलविघटनाच्या अख्ख्या अभिक्रियेचा गोळाबेरीज हिशेब सांगत असतात. मूल ऐकते ते एका बंधाबद्दल. वर रोजचा अनुभवही साक्षीला येतो, की काहीतरी फुटले तर स्फोट होतो. हा गुंता सोडवणाऱ्याला ऊष्मागतिकी पक्की हवी, जैवरसायन हवे, आणि मुलाच्या मनात हे दोन धागे कुठे अडकले आहेत हेही दिसायला हवे. निव्वळ रसायनतज्ज्ञाला यातले शेवटचे दिसत नाही, कारण त्याचा स्वतःचा गुंता कधीच सुटून गेलेला असतो. निव्वळ शिक्षणतज्ज्ञाचे पहिल्या दोन गोष्टींपाशीच अडते.

विद्यार्थ्याच्या मनात काय घडते, याबद्दलची सर्वांत उपयोगी मांडणी ग्लासगो विद्यापीठाच्या ॲलेक्स जॉनस्टन यांची. रसायनशास्त्र एकाच वेळी तीन पातळ्यांवर बोलते, असे त्यांनी दाखवले: डोळ्यांना दिसणारी (द्रावण गुलाबी झाले), डोळ्यांना न दिसणारी (आयन एकमेकांना भेटले) आणि चिन्हांची (समीकरण). शिक्षक एका वाक्यात तिन्ही पातळ्यांवरून फिरून येतो. त्याला त्याची सवय असते. नवख्या विद्यार्थ्याला मात्र तिन्ही एकदम सांभाळायच्या असतात, आणि माणसाच्या कार्यकारी स्मृतीत एका वेळी मावणाऱ्या गोष्टी मोजक्याच. 1986 मध्ये जॉनस्टन आणि एल-बन्ना यांनी दाखवले की प्रश्नातले टप्पे विद्यार्थ्याच्या या क्षमतेपलीकडे गेले की यशाचे प्रमाण हळूहळू घसरत नाही, ते एकदम कोसळते. पुढे 2001 मध्ये जॉनस्टन आणि सेलेपेंग यांनी आणखी एक गोष्ट मांडली, जी महाराष्ट्रात आणि गोव्यात प्रत्येक प्राचार्याच्या टेबलावर असायला हवी. परक्या भाषेतून विज्ञान शिकणाऱ्याची ही आधीच तोकडी क्षमता भाषा उलगडण्यातही खर्च होते, आणि विचार करायला तेवढी कमी उरते. दहावीपर्यंत मराठीतून किंवा सेमी-इंग्रजीतून शिकून अकरावीत एकदम इंग्रजी पुस्तकापुढे बसणारी आपली मुले ‘कच्ची’ का वाटतात, याचे निदान त्यात आहे. निदान परदेशात झाले, उपचार इथेच शोधावा लागेल. मराठीतून विचार करणाऱ्या मुलाला मोलची कल्पना कोणत्या क्रमाने, कोणत्या भाषामिश्रणातून सांगितली तर सर्वांत चांगली कळते, याचा शोध ग्लासगोतला किंवा मिशिगनमधला कोणी आपल्यासाठी घेणार नाही.

प्रयोगशाळेचीही तीच गत. पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला आम्ल-अल्कलीचे टायट्रेशन असते. विद्यार्थी आधी पायलट रीडिंग घेतो, मग तीन रीडिंग घेतो आणि तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात सीबीआर, म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, लिहितो. पुढे एन-वन व्ही-वन बरोबर एन-टू व्ही-टू, उत्तर, जर्नलवर सही. तिसरे रीडिंग पहिल्या दोनांशी जुळत नसेल तर ते जुळवले जाते. न जुळलेल्या रीडिंगला जर्नलमध्ये थाराच नाही. मोजमापात चूक किती, ती कुठून आली, ती कमी कशी करायची, हे शिकवण्याची रसायनशास्त्रातली याहून चांगली जागा नाही. आणि नेमकी तिथेच आपण मुलांना आकडा मोडून बसवायला शिकवतो. याचा दोष शिक्षकाच्या माथी मारणे सोपे. पण तीन तासांत वीस-बावीस मुलांची बॅच, प्रत्येकाचे जर्नल तपासणे, विद्यापीठाने ठरवून दिलेली प्रयोगांची यादी वर्षाअखेर संपवणे, या चौकटीत शिक्षक दुसरे करणार काय? चौकटच बदलायची तर कोणता प्रयोग ठेवायचा, कोणता काढायचा, कोणत्या प्रयोगातून काय शिकले जाते, याचा पुरावा लागतो. अभ्यास मंडळाच्या बैठकीत तो पुरावा कोणाकडेही नसतो. तिथे मागचा अभ्यासक्रम, शेजारच्या विद्यापीठाचा अभ्यासक्रम आणि सदस्यांची आवडनिवड, यांवर मसुदा उभा राहतो. नव्या शैक्षणिक धोरणामुळे मुख्य विषय, दुय्यम विषय, कौशल्याचे अभ्यासक्रम अशी सगळी मांडणी राज्यात अलीकडेच नव्याने झाली. इतक्या मोठ्या फेरफारात रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आधीच्या रचनेतून काय कळले होते आणि काय निसटले होते, हा प्रश्न विचारण्याची नोकरीच कोणाकडे नव्हती.

नोकरी नाही, म्हणून माणूसही तयार होत नाही. खरे तर या कामाची बीजे महाराष्ट्रात जुनी आहेत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र 1974 पासून मुंबईत आहे. आज मानखुर्दच्या आवारातून ते विज्ञान शिक्षणात पीएच.डी. देते, ऑलिंपियाडची निवड आणि तयारी पाहते. 2001 चे आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र ऑलिंपियाड मुंबईत भरले, त्यामागेही हेच केंद्र होते. 2004 पासून पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी त्याचा राष्ट्रीय उपक्रम चालतो, आणि विज्ञान शिक्षणातल्या संशोधनावरच्या एपिस्टीम या परिषदमालेची पहिली परिषद त्याच वर्षी गोव्यात झाली. पुण्याच्या आयसरनेही महाविद्यालयीन विज्ञान शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे काम हाती घेतले. पण समजा, एम.एस्सी. रसायनशास्त्र झालेल्या एखाद्या हुशार मुलीने अशा ठिकाणी रसायनशास्त्राच्या शिक्षणावर प्रबंध लिहिला, तर पुढे ती जाईल कुठे? रसायनशास्त्र विभागाच्या जाहिरातीत विशेषीकरण मागितलेले असते सेंद्रिय किंवा भौतिक. छाननी समितीपुढे तिचा प्रबंध ‘संबंधित विषयातला’ ठरेल की नाही, हे समितीच्या मर्जीवर. नेटच्या रसायनशास्त्राच्या अभ्यासक्रमात तिच्या कामाचा मागमूस नाही. अध्यापक महाविद्यालयाकडे वळावे तर तिथे एम.एड. मागतात, ते तिच्याकडे नाही. दोन्ही दरवाजांवर ‘तुमचे घर शेजारचे’ अशी पाटी. कोचिंग क्लासवाले मात्र तिला उद्या घेतील. लातूर-कोट्याच्या या धंद्याबद्दल काय म्हणायचे ते म्हणावे, पण कोणत्या प्रश्नात मुले कोणता चुकीचा पर्याय निवडतात याची नोंद ते आपल्या विद्यापीठांपेक्षा मन लावून ठेवतात. त्यांचा हेतू गुणांपुरता, एवढेच.

बाहेर हे कोडे दोन वेगवेगळ्या वाटांनी सुटले. अमेरिकेत ते विषयाच्या विभागांनीच सोडवले. पर्ड्यूच्या रसायनशास्त्र विभागात डडली हेरन, बॉडनर यांच्या काळापासून रसायन शिक्षणाचा स्वतंत्र गट आहे आणि तो सेंद्रिय-असेंद्रियच्या पंक्तीला बसून पीएच.डी. देतो. मेलानी कूपर क्लेम्सनहून मिशिगन स्टेटमध्ये गेल्या, विसेंटे तालांकर ॲरिझोनात आहेत. दोघेही रसायनशास्त्र विभागांत प्राध्यापक, आणि दोघांनीही पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम संशोधनाच्या आधारे मुळापासून बदलला. जर्मनीची वाट वेगळी. तिथे शाळेत रसायनशास्त्र शिकवू पाहणारा विद्यार्थी विद्यापीठातच विषय आणि त्याचे अध्यापन एकत्र शिकतो. त्यामुळे अनेक विद्यापीठांच्या रसायनशास्त्र विद्याशाखांत विषयाच्या अध्यापनशास्त्राचे प्राध्यापकपद असणे ही नवलाईची बाब राहिलेली नाही, आणि कील शहरात 1966 पासून विज्ञान शिक्षणाची मोठी संशोधन संस्था आहे. आपल्याला खरे तर जर्मन वाट जवळची आहे. 2020 च्या धोरणाने 2030 पर्यंत शालेय शिक्षकासाठी चार वर्षांची एकात्मिक पदवी ही किमान पात्रता ठरवली आहे, आणि ती पदवी बहुविद्याशाखीय संस्थांनी द्यायची आहे. या पदवीतले रसायनशास्त्राचे अध्यापन कोण शिकवणार? आहेत त्यांच्यावरच ढकलले तर विषय रसायनशास्त्र विभागात, अध्यापन शिक्षणशास्त्र विभागात, आणि दोन्हींची सांगड घालणे विद्यार्थ्याच्या नशिबी, हा जुना खेळ नव्या नावाने सुरू राहील.

या मागणीला पहिला विरोध विभागातूनच होईल आणि तो रास्त वाटेल असा असेल: उत्तम संशोधक उत्तम शिकवतो, त्यासाठी वेगळे शास्त्र कशाला? काही जण उत्तम शिकवतात, यात शंका नाही. पण ज्याला आपण उत्तम व्याख्यान म्हणतो, त्याने शिकणे किती घडते, हे तपासले गेले आहे. 2014 मध्ये स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या महाविद्यालयीन वर्गांवरचे 225 अभ्यास एकत्र करून पाहिले. जिथे विद्यार्थी वर्गातच प्रश्नांवर काम करत होते, गटात चर्चा करत होते, तिथे नापास होण्याचे प्रमाण सुमारे 22 टक्के होते. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात ते 34 टक्क्यांच्या आसपास. 2020 मध्ये एलि थिओबाल्ड आणि सहकाऱ्यांनी याच दिशेने आणखी पुरावे तपासले. अशा वर्गांत वंचित गटांतल्या आणि इतर विद्यार्थ्यांमधली परीक्षेच्या गुणांतली तफावत सरासरी एक तृतीयांशाने कमी झाल्याचे त्यांना आढळले. पहिल्या पिढीतले विद्यार्थी ज्या महाविद्यालयांत बहुसंख्येने बसतात, त्यांच्यासाठी हा आकडा केवळ अध्यापनाच्या कौशल्याचा राहत नाही.

हे अमेरिकेचे आकडे, आपल्या शंभर-सव्वाशेच्या वर्गाला ते कसे लागू पडतील, ही शंका मला सर्वांत महत्त्वाची वाटते. प्रामाणिक उत्तर असे की ते जसेच्या तसे लागू पडतील असे गृहीत धरू नये. म्हणूनच इथे मोजणारा माणूस हवा. जो युक्तिवाद परदेशी पुराव्याविरुद्ध केला जातो, तोच स्थानिक संशोधकाच्या बाजूचा सर्वांत बळकट युक्तिवाद आहे, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. औषधाची चाचणी अमेरिकेत झाली म्हणून आपण ते नाकारत नाही आणि डोळे मिटून घेतही नाही. इथल्या रुग्णांवर तपासून पाहतो.

यापेक्षा टोकदार आक्षेप दुसराच आहे आणि तो अमेरिकेच्याच अनुभवातून येतो. तिथे इतकी दशके हे संशोधन चालू असून शिकवणे बदलले का? फारसे नाही. मरिलीन स्टेन्स आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये उत्तर अमेरिकेतल्या 25 संस्थांमधले 2,000 हून अधिक तास प्रत्यक्ष पाहून नोंदवले, तेव्हा निम्म्याहून अधिक तासांना जवळजवळ सगळा वेळ व्याख्यानातच जात होता. शोधनिबंध छापल्याने शेजारच्या वर्गात काही बदलत नाही, हे यातून दिसते आणि ते मान्यच करायला हवे. पण बदल कुठे झाला हेही पाहावे. भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवलेले कार्ल वीमन 2007 मध्ये ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे त्यांनी मोठ्या रकमेच्या पाठबळावर एक योजना चालवली, जिचा गाभा साधा होता: प्रत्येक विज्ञान विभागात त्याच विषयात पीएच.डी. झालेला आणि अध्यापनाच्या संशोधनात तयार केलेला माणूस बसवायचा, आणि त्याने प्राध्यापकांच्या जोडीने एकेक अभ्यासक्रम हाती घेऊन बदलायचा. त्या विभागांतल्या प्राध्यापकांच्या शिकवण्यात मोठा फरक पडला. निबंध दूरच्या नियतकालिकात राहतो, माणूस चहाला शेजारी बसतो. खुर्ची विभागात हवी, असा आग्रह मी धरतो तो यासाठी. उजळणी वर्गात पंधरा दिवस बसून आलेला प्राध्यापक परत येतो तो त्याच वेळापत्रकात आणि त्याच प्रश्नपत्रिकेकडे. त्याच्याशी ‘रासायनिक समतोल’ शिकवण्यावर वाद घालणारे विभागात कोणीच नसते.

ही वेगळी पदे म्हणजे दुय्यम प्राध्यापकांची नवी जात निर्माण करणे ठरेल, असेही म्हटले जाते. ही भीती पोकळ नाही. कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठातल्या अशा पदांवरच्या लोकांची 2008 मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेली पाहणी सांगते की त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या मनात नोकरी सोडण्याचा गंभीर विचार होता. त्यांच्याकडून शिकवण्याची, समित्यांची आणि संशोधनाचीही अपेक्षा होती, पण त्यांचे काम कशावर जोखायचे हे विभागाने आधी ठरवलेलेच नव्हते. म्हणून अटी आधीच लिहून घ्याव्यात. ‘केमिस्ट्री एज्युकेशन रिसर्च अँड प्रॅक्टिस’ हे ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीचे नियतकालिक आहे. त्यातला निबंध रसायनशास्त्रातलाच निबंध मोजला जावा. पीएच.डी. रसायनशास्त्राच्या अभ्यास मंडळाखाली नोंदवली जावी. निवड समितीत या क्षेत्रातला किमान एक जाणकार असावा. आयोगाने जानेवारी 2025 मध्ये जो नियमावलीचा मसुदा काढला, त्यात गुणांच्या बेरजेऐवजी नऊ प्रकारच्या ‘लक्षणीय योगदाना’पैकी किमान चार दाखवण्याची कल्पना होती. अभिनव अध्यापन, प्रयोगशाळेचा विकास आणि भारतीय भाषांतले अध्यापन ही त्या नऊंपैकी तीन. दिशा बरी आहे. पण अध्यापन ‘अभिनव’ होते की नुसते पॉवरपॉइंट, हे ठरवणारा जाणकार विभागात नसेल तर तिथेही प्रमाणपत्रांची फाईलच जिंकेल.

राहिला पैशाचा आणि पदांचा प्रश्न. मंजूर पदे वर्षानुवर्षे रिकामी, महाविद्यालये तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांच्या जिवावर चाललेली, अशा वेळी पाचव्या विशेषीकरणाची चैन कशाला, असे कोणी विचारले तर राग येण्यासारखे काही नाही. तासावर पैसे मिळणाऱ्या, पुढच्या वर्षी कोणत्या गावी असू याची शाश्वती नसलेल्या शिक्षकाकडून आपण अध्यापन सुधारण्याची अपेक्षा करतो, हा राज्याने चालवलेला अन्यायच आहे, आणि भरतीला पर्याय म्हणून मी हे मांडत नाही. पण जेव्हा केव्हा भरती होते, तेव्हा पंधरा जागांच्या विभागात सहावा सेंद्रिय रसायनतज्ज्ञ घ्यायचा की पहिला शिक्षण संशोधक, एवढीच निवड आहे. वाढीव पद लागत नाही. उद्योगातल्या अनुभवी माणसांसाठी पीएच.डी.ची अट बाजूला ठेवून ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ नेमण्याची मुभा आयोगाने 2022 मध्ये दिलीच आहे, मंजूर पदांच्या 10 टक्क्यांपर्यंत. दार किलकिले करायचे ठरवले तर करता येते. आणि हे संशोधन स्वस्त आहे. न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्सचे एक यंत्र घेऊन ते चालवायला जे पैसे लागतात, त्यात अशा गटाची अनेक वर्षे निघतील: विद्यार्थ्यांच्या मुलाखती, उत्तरपत्रिकांचे विश्लेषण, प्रश्नसंचांची चाचणी, दोन-तीन शिष्यवृत्त्या.

आपल्याकडची खरी अडचण वेगळीच आहे आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. मुंबई, पुणे, कोल्हापूर किंवा गोवा, कुठेही विद्यापीठाचा रसायनशास्त्र विभाग मुख्यतः एम.एस्सी. आणि पीएच.डी.चा. मुले अडतात, गळतात, विषय सोडतात ती बी.एस्सी.च्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला, आणि ते वर्ग तालुक्याच्या गावी, संलग्न महाविद्यालयांत. विद्यापीठात बसलेल्या शिक्षण संशोधकाला तो विद्यार्थी दिसणारच नाही. म्हणून या पदाची नेमणूक विभागात आणि कामाची जागा दोन-तीन संलग्न महाविद्यालयांत, अशी जोडरचना करावी लागेल. आठवड्याच्या 16 तासांच्या कार्यभारातले निम्मे तरी तास सहायक प्राध्यापकाने पहिल्या वर्षाच्या वर्गात आणि प्रयोगशाळेत घ्यावेत, ते विद्यापीठाने आपल्या कार्यभारात धरावेत, आणि प्रवासाचा खर्च विभागाने द्यावा. त्या महाविद्यालयांतले दोन शिक्षक या संशोधनात सहलेखक असावेत, म्हणजे पदोन्नतीच्या तक्त्यात त्यांच्याही नावे काही जमा होईल. आजच्या कायद्यात आणि नियमावलीत यातले काहीच निषिद्ध नाही. एखाद्या विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाने पुढच्या जाहिरातीत विशेषीकरणाच्या रकान्यात ‘रसायनशास्त्र शिक्षण’ असे लिहिले, तर सुरुवातीला अर्ज पाच-सहाच येतील. त्या पाच-सहा जणांना इथवर यायला रस्ता नव्हता, याचा तो हिशेब असेल. दुसऱ्या जाहिरातीच्या वेळी किती येतात, त्यावरून पुढचे बोलता येईल.